पाहुण्याची काटकसर

मेक्सिकोत एका शहराहून दुसऱ्या शहरी जावयाचे झाले तर पुष्कळ ठिकाणी दोन रस्ते असतात. एकाला ‘कुओता’ म्हणतात. तो रुंद, सरळ आणि वेगाचा. त्याच्यावर जागोजाग पथकर भरावा लागतो. दुसऱ्याला ‘लिब्रे’ म्हणतात. तो जुना, अरुंद, डोंगराच्या अंगाने वळसे घेत जाणारा, आणि गाव आले की त्याच्या मधोमध शिरणारा. गावाच्या तोंडाशी रस्त्यावर ‘तोपे’ नावाचे उंचवटे असतात. तेथे वाहनाला मंदावावेच लागते, आणि वाहन मंदावते म्हणूनच फळे, खाऊ, थंड पेये विकणारी माणसे नेमकी तेथेच उभी असतात. ‘लिब्रे’ ह्या स्पॅनिश शब्दाचा अर्थ मुक्त, मोकळा. रस्त्याच्या बाबतीत मात्र त्याचा साधा अर्थ ‘फुकट’ एवढाच आहे.

मोजके पैसे खिशात घेऊन फटफटीवर एकट्याने हा देश पालथा घालणारी माणसे आज थोडीथोडकी नाहीत. ती अर्थातच लिब्रे रस्ता धरतात. तो पैसे वाचविण्यासाठी धरलेला असतो. पण चार दिवस गेले की त्या रस्त्याने त्यांना गावे दाखविलेली असतात, माणसे भेटविलेली असतात, आणि मग ती म्हणू लागतात की, पैसे नसणे हीच प्रवासाची खरी श्रीमंती होय. पथकर भरून गेलेल्याला देश दिसला नाही, आम्हाला दिसला. ह्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु त्याच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो प्रवाशाच्या सहसा ध्यानात येत नाही. काटकसर हा गुण खरा. पण तिचा खर्च कोणी भरावयाचा?

प्रथम थोडा हिशेब मांडू, कारण नीतीच्या पुष्कळ गोष्टी हिशेबाशिवाय धूसर राहतात. मेक्सिकोत २०१८ साली कायद्याने ठरविलेले किमान वेतन दिवसाला ८८.३६ पेसो होते. पुढे ते झपाट्याने वाढविण्यात आले, आणि २०२४ साली, उत्तर सरहद्दीचा पट्टा वगळता, ते २४८.९३ पेसोंवर गेले. आता आपला प्रवासी घ्या. त्याने दिवसाला तीनशे किलोमीटर काटले आणि त्याची फटफटी लिटरमागे पंचवीस किलोमीटर धावली, तर बारा लिटर पेट्रोल लागले. २०२४ च्या सुमारास लिटरचा भाव चोवीस पेसोंच्या आसपास होता. म्हणजे २८८ पेसो झाले. तो जेवला नाही, कोठे निजला नाही, तरी एका मजुराच्या दिवसभराच्या कमाईहून अधिक रक्कम त्याने नुसती धुराड्यातून सोडून दिली. तो परदेशची गाडी घेऊन आला असेल आणि गाडी २००७ नंतरच्या बनावटीची असेल, तर बाहा कॅलिफोर्नियाची मुभा असलेली हद्द सोडून आत शिरताना त्याने चारशे डॉलर अनामत ठेवलेली असते. २०२४ च्या वेतनाने पाहिले तर किमान वेतनावरच्या माणसाची ही जवळजवळ महिन्याची मजुरी. ती त्याला परत मिळते हे खरे. पण जी रक्कम बाजूस काढून विसरता येते, ती गरिबाची रक्कम नव्हे.

तेव्हा हा प्रवासी गरीब नाही. मग तो ढोंगी आहे काय? तसेही म्हणता येत नाही. गरिबी आणि काटकसर ह्या एकाच वस्तूच्या लहानमोठ्या मात्रा आहेत अशी आपली समजूत असते. वस्तुतः त्या जातीनेच वेगळ्या आहेत. गरिबीचे मर्म पैशाच्या अभावात जितके आहे त्याहून अधिक ते दार बंद असण्यात आहे. सिमोन वेल ही फ्रेंच तत्त्वचिंतक १९३४ च्या अखेरीस शिक्षिकेचे काम बाजूस ठेवून पॅरिसच्या कारखान्यांत मजूर म्हणून राबावयास गेली. तिने अर्धपोटी राहून, यंत्रांशी झगडून शरीर झिजविले. तिच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीसुद्धा तिच्या शेजारी उभ्या असलेल्या कामगार स्त्रीहून ती एका बाबतीत निराळी होतीच. तिला तेथून निघून जाता येत होते, आणि १९३५ साली ती निघाली. आपला फटफटीवाला तर दर सकाळी निघून जातो. त्याची सारी मौजच निघून जाण्यात आहे.

पण म्हणून त्याला काही शिकता येत नाही असे मात्र नव्हे. एकटेपणा आणि पैशाची चणचण ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस परावलंबी होतो, आणि परावलंबन हा एक मोठा शिक्षक आहे. चौघे मिळून निघाले तर टायर पंक्चर झाल्यावर चौघे मिळून हसतात. एकट्याला मात्र रस्त्याच्या कडेला जुने टायर टांगलेले ‘वुल्कानिसादोरा’चे दुकान शोधावे लागते, आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये दुसऱ्याच्या सद्‌भावावर स्वतःला सोपवावे लागते. एर्नेस्तो गेव्हारा आणि त्याचा मित्र आल्बेर्तो ग्रानादो १९५२ साली दक्षिण अमेरिकेत ज्या नॉर्टन मोटारसायकलवर निघाले होते, ती चिलीत कायमची बसली. पुढचा प्रवास त्यांनी पायी आणि मिळेल त्या वाहनाने केला. आणि चुकिकामाताच्या तांब्याच्या खाणीजवळ थंडीने काकडणाऱ्या एका कामगार जोडप्याला त्यांनी आपल्या दोन घोंगड्यांतली एक दिली, ती गाडी गेल्यानंतरच. हे दोघे मेक्सिकोतले नव्हेत आणि एकटेही नव्हेत. पण वाहन हे जितके पोहोचविते तितकेच दूरही ठेविते, हे त्यांच्या कहाणीवरून दिसते.

येथवर काटकसरीची बाजू भक्कम आहे. अडचण येते ती यापुढे. खर्च कमी करण्याच्या वाटा दोन आहेत. एक, स्वतःच्या गरजा कमी करणे: उन्हात राहुटीत निजणे, बाजारातल्या खाणावळीत ‘कोमिदा कोरिदा’ म्हणजे त्या दिवशी शिजलेले ठराविक जेवण मुकाट्याने जेवणे, हॉटेलातल्या गरम पाण्याचा मोह सोडणे. दुसरी, आपल्या गरजा तशाच ठेवून त्यांचा भार दुसऱ्यावर ढकलणे. वहीत दोन्हींची नोंद सारखीच होते: ‘आज पन्नास पेसो वाचले.’ नीतीच्या दृष्टीने मात्र ह्या दोन नोंदींत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

वाहाका शहराजवळ तेओतित्लान देल वाये नावाचे सापोतेक लोकांचे विणकरी गाव आहे. तेथे लोकरीचे गालिचे हातमागावर विणतात. निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील नावाच्या किड्यापासून काढलेल्या तांबड्या रंगासाठी ते गाव प्रसिद्ध आहे. एक चांगला गालिचा विणावयास आठवडेच्या आठवडे जातात. अशा ठिकाणी प्रवासी पन्नास पेसोंसाठी घासाघीस करतो. त्याच्या लेखी ते दोन लिटर पेट्रोल, म्हणजे पन्नास किलोमीटरांची गंमत. विणणारीच्या लेखी तो २०२४ च्या किमान वेतनाचा पाचवा हिस्सा. घासाघीस ही तेथील रीत आहे, हे उत्तर पुरेसे नाही. रीत सारख्या गरजेच्या दोन माणसांत न्याय्य असते. एकाला घाई नसते आणि दुसरीला संध्याकाळची चूल पेटवावयाची असते, तेव्हा तीच रीत बळजोरीच्या जवळ जाते.

दुसरे उदाहरण बाहा कॅलिफोर्नियाचे. तिहुआनापासून काबो सान लुकासपर्यंत सुमारे सतराशे किलोमीटरांचा रस्ता १९७३ साली पुरा झाला. त्यात एल रोसारियोच्या पुढे तीनशे किलोमीटरांच्या आसपास निवडुंगांचे रान आहे, आणि तेथल्या काताविन्या नावाच्या वस्तीत रस्त्याच्या कडेला पिंपातून पेट्रोल विकणारे लोक प्रवाशांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. त्यांचा भाव पंपाहून चढा असतो, आणि त्यावर प्रवासी कुरकुरतो. पण ते पिंप तेथपर्यंत कोणीतरी वाहून आणलेले असते आणि त्याच्याशेजारी कोणीतरी दिवसभर उन्हात बसलेले असते. जादा पैसे पेट्रोलचे नाहीत, त्या बसण्याचे आहेत. तिसरे उदाहरण ‘मोर्दिदा’चे. ह्या शब्दाचा अर्थ चावा, आणि लाचेला तेथे हेच नाव आहे. दंड भरण्याऐवजी अर्ध्या पैशांत सुटका करून घेणारा प्रवासी काटकसर करतो खरी. पण तो चाव्याची चटक लावून पुढे जातो, आणि पुढचा चावा बहुधा पुढे न जाऊ शकणाऱ्या स्थानिक माणसाला बसतो.

आता सर्वांत नाजूक गोष्ट, म्हणजे आतिथ्य. मेक्सिकोतील शिष्टाचार असा की, बोलणारा स्वतःच्या घराचा उल्लेख ‘आपले घर’ असा करतो. ते ‘आपले’ ऐकणाऱ्याला उद्देशून असते. नवखा माणूस क्षणभर गोंधळतो. अशा देशात संध्याकाळी अंगणात राहुटी ठोकू का म्हणून विचारणाऱ्याला घरात बोलावून बीन्स आणि तोर्तिया वाढल्या, तर त्यात नवल नाही. मग त्याने पैसे पुढे करावेत काय? केले तर यजमानाचा अपमान. आणि न करावेत तर एका तुटपुंज्या घराच्या भांड्यातले दोन घास कमी झाले, हे तर उघड आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस याने १९२५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखविले की, देणगी कधीही फुकट नसते. ती परतफेडीचे बंधन घेऊन येते. पण जो उद्या चारशे किलोमीटर दूर असेल त्याने परतफेड करावी तरी कशी?

मला वाटते, येथे भेद करावयाचा तो घेणे आणि न घेणे यांत नाही. न मागता आलेले औदार्य नम्रपणे घेणे ह्यात काही कमीपणा नाही. ते नाकारणे हाच पुष्कळदा अहंकार असतो. दोष सुरू होतो तो अंदाजपत्रकात. ज्या दिवशी प्रवासी ‘आठवड्यातून चार रात्री कोणीतरी घरी नेईलच’ असे धरून चालतो, त्या दिवशी त्याने अनोळखी माणसांचे औदार्य स्वतःच्या जमेच्या बाजूला मांडलेले असते. अनपेक्षित असते तोवर ते औदार्य असते. गृहीत धरले की ती न लिहिलेली पट्टी होते.

कोणी म्हणेल, आपल्याकडे माधुकरी मागणारा काय करीत होता? तोही उद्याच्या घासासाठी परक्या चुलीवरच विसंबून होता. होता, परंतु माधुकरीला नियम होते. ठराविक घरे, एका घरावर भार नाही, जे शिजले असेल त्यातले थोडे, साठवण नाही. शिवाय मागणाऱ्याचे देणाऱ्याच्या जगात एक स्थान होते, आणि देणारा आपण काय देतो व का देतो हे जाणत होता. फटफटीवाल्याचे तसे स्थान नाही. मेक्सिकोतच ह्याला समांतर अशी एक चांगली व्यवस्था आहे. ‘आंहेलेस वेर्देस’ म्हणजे हिरवे देवदूत ह्या नावाचे सरकारी मदत पथक १९६० पासून हमरस्त्यांवर बंद पडलेल्या वाहनांना विनामूल्य साहाय्य करीत आले आहे. ती मदत घेताना कोणाच्या ताटातले उचलले जात नाही. समाजाने ते ओझे वाटून घेतलेले असते.

दुसराही आक्षेप विचारात घेतला पाहिजे. श्रीमंत प्रवासी सत्तरीच्या दशकात सरकारी योजनेने वसविलेल्या कान्कूनसारख्या किनाऱ्यावर उतरतो आणि त्याचे पैसे पुष्कळदा मोठ्या हॉटेलांच्या तिजोरीत जातात. काटकसरी प्रवाशाचे थोडे पेसो मात्र थेट खाणावळवालीच्या आणि टायरवाल्याच्या हातात पडतात. हे खरे आहे, आणि मोलाचे आहे. पण ह्यावरून सिद्ध होते ते एवढेच की, पैसे कोठे खर्चावे ह्याची निवड नैतिक असू शकते. तिथे पोहोचल्यावर ते पुरते द्यावेत, हे त्यातूनच निघते.

मेक्सिकोचा पाहुणचार घेतलेल्या एका मराठी माणसाचे स्मरण येथे अप्रस्तुत होणार नाही. वर्ध्याकडचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर चळवळीतले क्रांतिकारक. स्वदेशाची दारे बंद झाल्यावर ते विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मेक्सिकोत गेले. त्यांच्याजवळ परतीची वाट नव्हती. तेव्हा त्यांची गरिबी हौसेची नव्हती. त्यांनी चापिंगोच्या कृषिविद्यालयात अध्यापन केले, मक्याच्या सुधारित वाणांवर संशोधन केले, शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा याच्या मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवरील चित्रांपैकी एकात मेजाभोवती माणसे बसली आहेत आणि मधला पुरुष भाकर मोडून वाटतो आहे. ती आकृती खानखोजे यांच्यावरून घेतल्याचे सांगतात. स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी परतले आणि १९६७ साली नागपुरास वारले. पाहुणा म्हणून आलेला माणूस त्या भिंतीवर यजमानाच्या जागी बसलेला आहे.

प्रत्येकाने तेथे राहून मका पिकवावा असे म्हणण्यात अर्थ नाही. वाटसरूला वाटसरूच्याच मापाने मोजले पाहिजे. त्याला करता येण्याजोग्या गोष्टी लहान आहेत: गरजा स्वतःच्या कापाव्यात, दुसऱ्याची मजुरी कापू नये, पैसे घेतले जात नसतील तर घरातल्या लाकडाला, पाण्याला, मुलाच्या वहीला आपला हात लागावा, आणि घरी गेल्यावर खरे सांगावे. ह्यातली शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे. कारण परतलेला प्रवासी दिवसाला इतक्याच डॉलरांत भागविले हे अभिमानाने सांगतो, आणि ‘तो देश फार स्वस्त आहे’ हे वाक्य त्याच्या तोंडून सहज निघून जाते. देश स्वस्त नसतो. तेथे कोणाचे तरी श्रम स्वस्त असतात, आणि त्या कोणाच्या तरी अंगणात आपण निजलेलो असतो. हिशेबाच्या वहीत काय खर्चले ह्याच्या शेजारी काय मिळाले ह्याचाही रकाना ज्याने ठेविला, त्याला तो रकाना कधी पुरता फेडता येणार नाही. पण तो ठेविलेला असला म्हणजे ‘स्वस्त’ हा शब्द उच्चारताना जीभ थोडी अडखळेल.