हातच्या खाऊचे ऋण

नारळी पौर्णिमेला ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातून खाडीला नारळ वाहिला जातो, आणि त्याच सुमारास ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील कितीतरी स्वयंपाकघरांतून, नारळीभाताच्या जोडीने, अलीकडे आणखी एक पदार्थ सिद्ध होऊ लागला आहे : खोबऱ्याच्या गोड सारणाचे लहान गोळे वळून, त्यांवर वितळलेल्या चॉकलेटचे आवरण चढवून, रंगीत चांदीच्या कागदात गुंडाळलेला खाऊ, जो राखीच्या तबकातून भावाकडे जातो आणि पुढे दिवाळीत फराळाच्या ताटातून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पोचतो. खाडीला वाहिलेला नारळ हे अर्पण होय, याविषयी कोणाला शंका नाही. परंतु शेजारच्या दारी पोचविलेला हा नारळ दान आहे, व्यवहार आहे, की या दोहोंहून निराळे असे काही आहे, आणि निराळे असल्यास धर्माच्या विचारात त्याचे स्थान कोणते, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस विचारास प्रवृत्त करीत आला आहे.

प्रथम ती कृतीच नीट पाहिली पाहिजे. ओल्या नारळाचा चव स्वादाला श्रेष्ठ खरा, पण त्यातील पाण्याच्या अंशामुळे तो फार दिवस टिकत नाही. म्हणून भेटीदाखल द्यावयाच्या गोळ्यांसाठी बहुधा सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस घेतात, आटवलेल्या गोड दुधात तो मंद आचेवर परततात, वेलदोड्याची पूड घालतात, आणि मिश्रण कढईची कड सोडू लागले म्हणजे ते उतरवून, निववून, तुपाच्या हाताने गोळे वळतात. चॉकलेटचे शास्त्र याहून कठोर आहे. ते पाण्याच्या भांड्यावर धरून वाफेच्या उष्णतेनेच वितळवावे लागते, आणि त्यात पाण्याचा एक थेंब जरी पडला, तरी आतील साखरेचे कण एकमेकांस बिलगून सारे घट्ट व रवाळ होऊन बसते. कोकोचे लोणी सुमारे ३४ अंशांवर, म्हणजे देहाच्या उष्णतेहून थोड्या खाली, वितळते. जिभेवर ते विरघळते ते त्यामुळेच, पण त्याला पुन्हा तकाकी व ठिसूळपणा आणावयाचा तर नेमक्या अंशांपर्यंत निववून परत किंचित तापविण्याची दक्षता घ्यावी लागते. बाजारात मिळणाऱ्या कंपाउंडच्या लादीत कोकोच्या लोण्याऐवजी दुसरे वनस्पतिजन्य स्निग्ध द्रव्य असते आणि ही यातायात टळते, म्हणून घरोघरी तीच पसंत केली जाते; तथापि कोरडा चमचा, कोरडे भांडे आणि अखंड अवधान यांतून कोणाचीच सुटका नाही.

चॉकलेट हे परके द्रव्य, ते सणाच्या ताटात कशाला, असा आक्षेप काही वडीलधारी मंडळी घेतात. त्यांच्या निष्ठेविषयी आदर राखूनही एक गोष्ट नम्रपणे निदर्शनास आणली पाहिजे : एकादशीला आपण ज्यांनी उपवास पाळतो तो बटाटा, ते रताळे, तो शेंगदाणा, आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो टॅपिओका, ही सर्व अमेरिका खंडातून आलेली आहेत, आणि कोकोची जन्मभूमीही तीच. केरळात कोकोची झाडे नारळीच्या बागांतच, नारळीच्या सावलीत वाढवितात. तेव्हा द्रव्याचे मूळ गाव विचारून पावित्र्य ठरत नसते. ते देण्याच्या आणि घेण्याच्या वृत्तीत शोधले पाहिजे.

त्या वृत्तीची कसोटी भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सांगितली आहे. देणे हे कर्तव्य आहे एवढ्याच भावनेने, योग्य स्थळी, योग्य काळी, योग्य पात्री, आणि ज्याच्याकडून उलट उपकार व्हावयाचा नाही अशाला दिलेले दान सात्त्विक. फेडीची वा फळाची अपेक्षा धरून, किंवा कष्टी मनाने दिलेले राजस. आणि अस्थानी, अवहेलनेने दिलेले तामस. ही कसोटी काटेकोरपणे लावली, तर आपला खाऊ सात्त्विक दानात बसत नाही, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत पाठवू नये, असा आपल्याकडे पिढ्यानुपिढ्यांचा दस्तूर आहे. घरात दुसरे काही नसले तरी त्यात चिमूटभर साखर घालून ते परत करतात. म्हणजे ताट पाठविणाऱ्याला ते भरून परत येणार हे पाठविण्यापूर्वीच ठाऊक असते. मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात असे प्रतिपादिले, की प्राचीन समाजांत भेटीला तीन बंधने असत : देणे, घेणे आणि परत करणे. निर्हेतुक दान आणि बांधील भेट यांच्यातील हे अंतर पाहून, शेजारधर्म हा दानधर्माचा हिणकस अवतार होय, असा निष्कर्ष कोणी काढील. मला तो मान्य नाही.

कारण आपल्याच परंपरेत या भेटीचे खरे स्थान नमूद आहे. मनुष्य जन्मतःच ऋणको असतो असे वेदवाङ्मय सांगते, आणि देवांचे, ऋषींचे व पितरांचे अशी तीन ऋणे सर्वांना परिचित आहेत. शतपथ ब्राह्मणात मात्र चौथेही ऋण सांगितले आहे, ते मनुष्यांचे, आणि ते माणसाला आश्रय व अन्न देऊन फेडावयाचे असते. खाडीचा नारळ देवऋणाच्या खाती पडतो, शेजारच्या दारचा नारळ या चौथ्या खाती. सावकाराच्या वहीतील कर्ज बेबाक झाले म्हणजे फारकत होते, उभयपक्षी संबंध संपतो आणि ते संपणेच तेथे इष्ट असते. उलट मनुष्यऋणाच्या वहीत बाकी शून्य होऊ नये, अशीच सर्वांची इच्छा असते. भांड्यातली ती चिमूटभर साखर मिळालेल्या ऋणाची भरपाई करण्यासाठी नसते, खाते चालू असल्याची ती पोच असते. ज्या दिवशी दोन घरे परस्परांचे तंतोतंत देणे चुकते करून मोकळी होतात, त्या दिवशी ती शेजारी राहत नाहीत, केवळ एका जिन्यावर राहतात.

आता कोणी म्हणेल, की मग विकतची पेटी का पाठवू नये? ज्या ठाण्यात कॅडबरीच्या नावाने एक हमरस्त्यावरचा चौक ओळखला जातो, तेथे तयार चॉकलेटची उणीव नाही. परंतु या प्रदेशात पैशाहूनही दुर्मिळ असे काही असेल तर तो वेळ होय. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, पुढल्याच वर्षी ती कल्याणपर्यंत पोचली, आणि कालांतराने येथल्या माणसाचा दिवस लोकलच्या वेळापत्रकाच्या ताब्यात गेला. डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी गर्दीत शिरून रात्री त्याच गर्दीतून उतरणारी स्त्री वा पुरुष जेव्हा उरलेली संध्याकाळ कढईशी उभे राहून दुसऱ्याच्या मुलांसाठी खर्ची घालतो, तेव्हा त्याने आयुष्याचा असा अंश दिलेला असतो, जो कोणत्याही बाजारात भरून मिळत नाही.

तरीही या भेटीचा सर्वांत कठीण भाग देणाऱ्याकडे नसून घेणाऱ्याकडे आहे, असे मला वाटते. कारखान्यातून वेष्टनबंद आलेल्या वस्तूला कोणाचा हात लागला हे कोणी विचारीत नाही. घरच्या खाऊवर मात्र हाताची मोहोर असते, आणि कोणाच्या हातचे चालते व कोणाच्या हातचे चालत नाही, याच हिशेबावर आपल्या समाजाने शतकानुशतके माणसांची प्रतवारी लावली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा वाद पाण्याचा नव्हता, त्याला स्पर्श करणाऱ्या ओंजळीचा होता. तो वाद कायद्याच्या दफ्तरात निकालात निघाला असला, तरी मनाच्या दफ्तरात तो अद्याप पुष्कळ ठिकाणी प्रलंबित आहे. आलेले ताट हसतमुखाने घेऊन, दार लागताच ते मोलकरणीच्या हवाली करणारी घरे आजही आहेत. तशा घरात दान पोचते, पण माणूस पोचत नाही.

म्हणून देणाऱ्याने कौतुकाची वसुली मनात न धरता, तैत्तिरीय उपनिषद् सांगते त्याप्रमाणे श्रद्धेने आणि संकोचाने द्यावे हे खरेच. पण दातृत्वाच्या अभिमानापासून सुटण्याचा याहून खात्रीचा मार्ग म्हणजे स्वतः याचकाच्या जागी उभे राहणे. ज्या घरचे अन्न आपण आजवर, कोणत्या का कारणाने होईना, तोंडी लावले नाही, त्या घरून यंदा ताट आले तर त्यातला पहिला गोळा त्यांच्यासमोरच खावा, आणि आले नाही, तर आपण होऊन त्यांच्या दारी जाऊन मागावा. मनुष्यऋणाची फेड देण्याने सुरू होते, पण ती खरी ठरते घेण्याने.