दुसरे घोंगडे

मुंबईत परळ येथे १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले. तेथे शिकविली जाणारी पशुशरीराची रचना पाहिली म्हणजे उत्पन्नकर्त्याच्या ममतेने आम्ही थक्क होतो. हिमालयातील याकास बाहेरून लांब केस व आत दाट मऊ लोकर, अशी दोन वस्त्रे आहेत. उत्तर समुद्रातील सील प्राण्याच्या कातड्याखाली चरबीचा जाड थर असतो. रेनडियराच्या पायांत खाली उतरणारे ऊन रक्त वर येणाऱ्या थंड रक्तास आपली ऊब देते. म्हणून बर्फात उभे राहूनही त्याचे अंग गारठत नाही.

मनुष्यास मात्र अशी लोकर नाही. ही देवाची विस्मृती काय? नव्हे! त्याने आम्हांस हात दिले, आणि शेजारी दिला. ह्याच परळात गिरणीमजुरांनी पिढ्यान्‌पिढ्या परक्यांच्या अंगावरचे कापड विणले. १९८२ च्या संपानंतर त्यांतील पुष्कळांच्या चुली थंडावल्या. ज्यांनी आम्हांस पांघरविले, त्यांस आम्ही पांघरविले काय?

म्हणून पौषाची थंडी पडेल तेव्हा पेटीत घडी करून ठेवलेले दुसरे घोंगडे बाहेर काढा. याकाची दोन्ही वस्त्रे त्याची एकट्याची आहेत. आमचे दुसरे घोंगडे शेजाऱ्याचे आहे.