रोम, पार्थिया आणि बेंगळुरूची चांदी

बेंगळुरूतील यशवंतपूर येथे 1891 मध्ये 163, आणि शांतिनगरजवळच्या अक्कितिम्मनहळ्ळी येथे 1965 मध्ये 256 रोमन नाणी सापडली. ही नाणी ‘दिनारियस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चांदीच्या चलनाची आहेत. रोमन साम्राज्यात पाडलेली ही चांदी दख्खनच्या पठारावर का आली, या प्रश्नाच्या उत्तरात रोम आणि पार्थिया यांच्या वैराला कसे स्थान मिळाले आणि पुढे ते का आक्रसत गेले, हा इतिहासलेखनातील एक उद्बोधक प्रवास आहे.

पार्थिया म्हणजे युफ्रेटिस नदीच्या पलीकडे, इराण व मेसोपोटेमियावर सत्ता गाजवणारे अर्सासिड घराण्याचे राज्य. इ.स.पू. 53 मध्ये कार्ही येथे या राज्याच्या घोडदळ धनुर्धाऱ्यांनी क्रॅसस या रोमन सेनापतीच्या फौजेची धूळधाण उडवली आणि पलटणींची निशाणे हिसकावून घेतली; इ.स.पू. 20 मध्ये रोमन सम्राट ऑगस्टसने ती वाटाघाटीने परत मिळवली, तरी आर्मेनियाच्या गादीवर कोणाचा माणूस बसावा यावरून दोघांत पुढेही पिढ्यानपिढ्या लढाया होत राहिल्या.

पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने भारत दरवर्षी रोमन साम्राज्याचे किमान 5 कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) गिळतो अशी तक्रार केली; तिचा रोख मात्र रोमन श्रीमंतांच्या चैनीवर होता. अभ्यासक रॉबर्ट स्युएल यांनी 1904 मध्ये भारतातील रोमन नाण्यांची कालक्रमाने मांडणी केली तेव्हा ऑगस्टसपासून नीरोपर्यंतच्या सम्राटांच्या नाण्यांचे प्राबल्य ठळक झाले, आणि 1928 मध्ये ई. एच. वॉर्मिंग्टन यांच्या ग्रंथातून या व्यापाराचे जे विस्तृत चित्र उभे राहिले त्यात पार्थियन मध्यस्थांना टाळण्याची रोमची गरज हे महत्त्वाचे कारण ठरले. शत्रूने खुश्कीची वाट अडवली म्हणून समुद्राची वाट धरली, असा हा सुटसुटीत तर्क पाठ्यपुस्तकांत लवकर रुजला.

दक्षिण भारतातील साठ्यांत वारंवार आढळणारे ऑगस्टसचे एक नाणे पाहिले की हा तर्क मोहक का वाटला हे समजते. त्यावर टोगा पांघरलेले दोन तरुण उभे आहेत आणि त्यांच्या मध्ये दोन ढाली व दोन भाले आहेत. हे ऑगस्टसचे दत्तक पुत्र गायस आणि लुसियस. त्यांपैकी गायस इ.स. 1 च्या सुमारास युफ्रेटिसमधील एका बेटावर पार्थियाच्या राजाला भेटला, पुढे आर्मेनियाच्या मोहिमेत जखमी झाला आणि इ.स. 4 मध्ये त्यातच वारला. पार्थियाच्या आघाडीवरची जखम ज्याच्या जिवावर बेतली, त्याची आकृती घेऊन हे नाणे भारतापर्यंत पोहोचले होते.

तरीही मुद्रेवरचे चित्र म्हणजे व्यापाराचे कारण नव्हे. खुश्कीची वाट मुळात बंद नव्हती: खॅरॅक्सच्या इसिडोर या लेखकाने पार्थियातून जाणाऱ्या मार्गावरील मुक्कामांची यादी लिहून ठेवली आहे, आणि रोमन अंमलाखालील पाल्मिरा शहराचे व्यापारी पार्थियाच्या मुलखातून इराणी आखातापर्यंत तांडे नेत असत. याउलट, इ.स.पू. 30 मध्ये इजिप्त रोमच्या ताब्यात आल्यावर तांबड्या समुद्रातील बंदरे हाती आली. त्यांपैकी मायोस हॉर्मोसहून 120 जहाजे भारताकडे निघतात असे भूगोलकार स्ट्रॅबोने नोंदवले, आणि आयात मालावरील 25 टक्के जकातीमुळे हा व्यापार वाढण्यात रोमन खजिन्याचेच हित होते. पार्थियाशी तह असो वा लढाई, ही जकात मिळतच राहिली.

या चर्चेत दख्खनच्या सत्तांना मात्र बराच काळ दुय्यम स्थान मिळाले, आणि हा दोष गंभीर आहे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हे ग्रीक नौकानयनपुस्तक सांगते की कल्याण बंदरावर निर्बंध आले होते आणि तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. यामागे पश्चिम भारतातील क्षत्रप आणि दख्खनचे सातवाहन या सत्तांची झुंज होती. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे 1906 मध्ये सापडलेल्या, क्षत्रप नहपानाच्या 13,000 हून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा ठोकली आहे; काही नाण्यांवर जुना चेहरा नव्या ठशाखालून अजून दिसतो. नाशिकच्याच पांडवलेणीतील त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, लेख या विजेत्याने शक आणि यवनांबरोबर पल्हवांचाही, म्हणजे पार्थियनांचाही, नाश केल्याचे सांगतो. रोमशी लढणाऱ्या पार्थियनांचेच भाऊबंद पश्चिम भारतातील सत्तास्पर्धेत उतरले होते.

कर्नाटकातही चित्रदुर्गजवळच्या चंद्रवळ्ळीत सातवाहन नाण्यांबरोबर रोमन दिनारियस सापडले आहेत, त्यामुळे बेंगळुरूच्या साठ्यांना पठारावरच्या देवघेवीचा संदर्भ जवळचा आहे. माल कोणत्या घाटाने चढावा, जकात कोणाला मिळावी आणि परकी चांदी कोणाच्या नावाने चालावी, हे इथल्या राजांनी आपसातल्या लढायांतून ठरवले. म्हणून यशवंतपूर आणि अक्कितिम्मनहळ्ळीचे साठे दख्खनच्या राजकीय इतिहासात जोगळटेंभीच्या शेजारी ठेवून अभ्यासले गेले पाहिजेत.