न लागलेल्या दिव्याचे प्रामाण्य

ज्ञान खरे आहे हे कशावरून ठरवावे, या प्रश्नावर भारतीय दर्शनांत शतकानुशतके वाद झाला आणि त्यात न्यायदर्शनाने घेतलेली भूमिका व्यवहाराला सर्वांत जवळची आहे. पाणी दिसले, माणूस तिकडे गेला आणि त्याची तहान भागली, तर ते ज्ञान खरे होते. कृती सफल होण्याच्या या कसोटीला नैयायिक ‘प्रवृत्तिसामर्थ्य’ म्हणतात आणि ज्ञानाचे खरेपण अशा बाहेरच्या कसोटीने ठरते, या मताला ‘परतःप्रामाण्य’ असे नाव आहे. मात्र जिथे ही कसोटी लावताच येत नाही, तिथल्या ज्ञानाला आधार कोणता? मोटारीतील एअरबॅग ही तशीच वस्तू आहे. ती एकदाच फुगते आणि फुगली की संपते, त्यामुळे ती वेळेवर फुगेल की नाही हे फुगवून पाहणे म्हणजे ती गमावणेच होय.

एअरबॅगमागे वायू निर्माण करणारा इन्फ्लेटर आणि त्याला पेटवणारा छोटासा ज्वालक असतो, ज्यातील बारीक तारेचा विद्युत रोध साधारणपणे २ ओहमच्या आसपास असतो. नियंत्रक यंत्रणा या तारेतून, ज्वालक पेटणार नाही इतका क्षीण प्रवाह सोडून हा रोध सतत तपासत राहते आणि तो ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागतो. हा दिवा न्यायाच्या परिभाषेत ‘लिंग’, म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टीची खूण आहे. परंतु धुरामागे अग्नीच असतो तसे या दिव्यामागे एकच कारण नसते. स्टिअरिंगच्या चाकाबरोबर गुंडाळत-उलगडत राहणारी चपटी केबल, जिला मेकॅनिक ‘क्लॉक स्प्रिंग’ म्हणतात, ती तुटलेली असेल. सीटखालचा पिवळा कनेक्टर सैल झाला असेल. किंवा ज्वालकातच बिघाड असेल. कार्यावरून कारणाकडे जाणाऱ्या अनुमानाला न्यायसूत्रांत ‘शेषवत्’ म्हटले आहे आणि त्या सूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने त्याचा दुसरा अर्थ ‘परिशेष’ असा दिला आहे, म्हणजे संभाव्य पर्याय एकेक करून बाद झाल्यावर जो उरतो त्याचा स्वीकार.

एअरबॅगच्या विद्युत दोषाचे निदान हे या परिशेषाचे अतिशय शिस्तीचे रूप आहे. प्रथम बॅटरी सुटी करून, कपॅसिटरमध्ये साठलेली वीज ओसरेपर्यंत काही मिनिटे थांबावे लागते. एअरबॅगला थेट मल्टिमीटर लावायचा नसतो, कारण मीटरचा स्वतःचा प्रवाहही ज्वालक पेटवू शकतो. म्हणून तिच्या जागी तेवढ्याच रोधाचा रेझिस्टर जोडून स्कॅनरवर पाहतात. दोषाचा कोड गेला तर दोष एअरबॅगकडे आणि राहिला तर वायरिंगकडे किंवा नियंत्रकाकडे. इथे एक सापळा आहे. स्थिर विजेने एअरबॅग चुकून फुटू नये म्हणून अनेक कनेक्टरांत, ते सोडवताच दोन्ही टोके आपोआप एकमेकांना जोडणारी धातूची पट्टी बसवलेली असते. हे ठाऊक नसलेल्याला मीटरवर जवळजवळ शून्य रोध दिसतो आणि चांगल्या वायरिंगमध्ये शॉर्ट झाल्याचा निष्कर्ष तो काढतो. हेतूसारखा भासणारा पण हेतू नसलेला, असा हा चोख हेत्वाभास आहे.

याहून कठीण प्रश्न दिवा न लागण्याचा आहे. अभावाचे ज्ञान कसे होते याविषयी नैयायिक आणि भाट्ट मीमांसक यांचे एकमत नाही. नैयायिक त्याला प्रत्यक्षात धरतात, तर भाट्ट त्यासाठी ‘अनुपलब्धि’ हे वेगळे प्रमाण मानतात. एक अट मात्र दोघांनाही मान्य आहे: वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात घट दिसला नाही म्हणून घट नाही असे म्हणता येत नाही. सीट हलवल्यावरच ज्या कनेक्टरचा संपर्क तुटतो, त्याचा दोष सीट स्थिर असताना दिसला नाही तर ती दोषाच्या अभावाची साक्ष ठरत नाही, म्हणूनच जाणता मेकॅनिक सीट मागेपुढे सरकवून आणि वायर हलवून पाहतो.

या अटीचे गांभीर्य जपानच्या ताकाता कंपनीच्या इन्फ्लेटरांनी जगाला दाखवले. त्यांतील अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणा यांमुळे वर्षानुवर्षे बिघडत गेले आणि अपघाताच्या वेळी धातूचे कवच फुटून त्याचे तुकडे माणसांच्या अंगात घुसले. अनेक जण दगावले, कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि २०१७ साली कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. त्या गाड्यांतील ज्वालकाचा रोध योग्य असू शकत होता आणि दिवाही विझलेला असू शकत होता, कारण रसायनाची अवस्था रोध तपासणाऱ्या विद्युत मंडलाच्या दृष्टीच्या कक्षेतच नव्हती. ज्या वस्तूची परीक्षा घेता येत नाही तिच्याविषयी नैयायिक सजातीयत्वाचा आधार देतात, म्हणजे त्याच जातीची वस्तू पूर्वी कसोटीस उतरली म्हणून हीही उतरेल. परंतु इथे त्या व्याप्तीत, म्हणजे नित्य साहचर्यात, एक ‘उपाधी’ लपलेली होती. नमुना नवा आणि कोरडा असण्याची ती अट होती आणि काळ लोटला की ती सुटते हे वेळीच ध्यानात घेतले गेले नाही.

गाडीत बसणाऱ्याला यातले काहीच स्वतः तपासता येत नाही. त्याच्यापाशी उरते ते शब्दप्रमाण, म्हणजे विश्वासार्ह व्यक्तीचे, ‘आप्ता’चे सांगणे. वात्स्यायनाने आप्ताच्या लक्षणांत विषयाचे साक्षात ज्ञान आणि जसे आहे तसे सांगण्याची इच्छा यांच्या जोडीला भूतदयाही घातली आहे, आणि ज्ञानाच्या चर्चेत दयेचे काय काम अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर त्या रेझिस्टरपाशी मिळते. फुटून गेलेल्या एअरबॅगच्या जागी तोच रेझिस्टर कायमचा जोडून दिवा विझवला आणि गाडी विकली, असे प्रकार जुन्या गाड्यांच्या व्यवहारात घडतात. असे करणाऱ्याला मंडलाचे ज्ञान पुरते असते, त्याच्या हातातील वस्तूही निदान करणाऱ्याच्या हातात असते तीच असते, आणि नियंत्रकाला दोन्ही वेळा २ ओहमच दिसतात.