वाटेचा सातबारा

शेताला वाट नसेल तर महाराष्ट्रात तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे तो शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून रस्ता देऊ शकतो. चालती वहिवाट कोणी काटे टाकून अडवली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली ती मोकळीही करून देतो. गावोगावची अर्धी भाऊबंदकी या दोन कायद्यांवर जगते. पण शेजारी म्हणून पाणीच येऊन बसलं, तर अर्ज कोणाविरुद्ध करायचा?

नागपुरात बसून बेटावरच्या गावाबद्दल लिहायचं म्हटलं की लोक हसतात. समुद्र इथून फार लांब. मात्र बेट करायला समुद्रच लागतो असं नाही, आपल्याकडे ते काम पाटबंधारे खात्यानेही केलं आहे. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. तेव्हाचा अंदाज होता ३७२ कोटींचा. २००९ मध्ये हा राष्ट्रीय प्रकल्प ठरला आणि पुढे खर्चाचा अंदाज अठरा हजार कोटींच्या वर गेला. हे आकडे आता कोणाला धक्का देत नाहीत. मला त्यापेक्षा एक लहान आकडा महत्त्वाचा वाटतो : २४५.५. समुद्रसपाटीपासून इतक्या मीटरवर जलाशयाची पूर्ण पातळी आहे. गावाचं काय होणार हे या रेषेने ठरवलं.

पाणी पातळीप्रमाणे चढतं. गाव काही पातळी बघून जगत नाही. कुही, भिवापूर, पवनी भागातली नदीकाठची माणसं पुराच्या भीतीने उंचवट्यावर राहिली. धानाच्या बांध्या, मिरचीची वावरं, गुरांची चराई, उन्हाळ्यात नदीच्या रेतीवर लागणाऱ्या डांगरवाड्या, स्मशान हे सगळं खाली पसरलं. रेषेच्या खालचं ते संपादित आणि वरचं ते सुरक्षित, असा हिशेब झाला. म्हणजे कित्येक घरं कागदावर सुरक्षित राहिली आणि त्या घरांना घर म्हणण्याची कारणं पाण्याखाली गेली. दोन-तीन बाजूंनी फुगवटा आणि उरलेल्या बाजूला पावसाळ्यात गुडघाभर चिखलाची पांदण. अशा घराला बाजारात किंमत काय? भिंती तशाच आहेत, कवेलूही तशीच आहेत, फक्त तिथं मुलगी द्यायला कोणी तयार नाही.

कायद्याने हे अजिबात पाहिलं नाही असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. ज्याच्याखाली यातलं बरंच संपादन झालं, त्या १८९४ च्या कायद्यात कलम २३ होतं. एखाद्याच्या जमिनीचा तुकडा घेतल्यामुळे उरलेली जमीन तुटक झाली, तर त्या नुकसानीचा विचार करावा, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. इंग्रज सरकार दयाळू नव्हतं, पण हिशेबी होतं. अडचण एवढीच की तो हिशेब खातेदारागणिक होतो. माझी चार एकर गेली आणि दोन एकर तुटली, तर मी दावा करू शकतो. माझी काहीच जमीन गेली नाही, पण ज्या वाटेने मी बाजाराला, दवाखान्याला, लेकीच्या गावी जायचो ती वाट गेली, तर माझा दावा उभाच राहत नाही. वाट कोणाच्याच सातबाऱ्यावर नव्हती. ज्याच्याकडे सातबाराच नाही, त्या ढिवराचं तर विचारूच नका. त्याचं वावर म्हणजे वाहती नदी आणि अवजार म्हणजे डोंगा. नदीचं तळं झालं, धारेचे मासे गेले आणि जाळ्याचा, खोलीचा सगळा हिशेब बदलला. निवाड्यात त्यासाठी रकानाच नव्हता. २०१३ मध्ये प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे १,२०० कोटींचं विशेष पॅकेज आलं. त्याने पैसा दिला, आणि तो हवाच होता. पण तोही माणसामाणसाला मिळाला. गावाला म्हणून काय गेलं, याची मोजणी तेव्हाही झाली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे : पाण्याने वेढलेल्या गावात खरी मालमत्ता घर किंवा जमीन नसून वाट असते, आणि वाट नेहमी सामाईक असते. खासगी मालकी त्या सामाईक गोष्टीच्या आधाराने उभी असते. मुख्य जमिनीवर हे आपल्याला दिसत नाही, कारण रस्ता सरकारने बांधून ठेवलेला असतो आणि आपण त्याला हवा-पाण्यासारखं धरून चालतो. बेटावर हे झाकून राहत नाही. मुंबईजवळच्या घारापुरीचंच बघा. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशा तीन वस्त्या. लेणी १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत. समोर मुंबईचे दिवे लखलखत होते आणि इथं संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा. समुद्राखालून केबल टाकून वीज पोहोचायला २०१८ उजाडलं. तिथल्या घराची किंमत त्याच्या चटईक्षेत्रावर ठरते असं कोणी म्हणेल का? शेवटची लाँच किती वाजता सुटते, यावर ती ठरते.

स्कॉटलंडजवळच्या एग बेटावर ही गोष्ट उलट्या बाजूने घडली. सगळं बेट एकाच मालकाचं होतं. मालक बदलत गेले आणि कुळांना पुढच्या वर्षाची खात्री नसायची. मग १९९७ मध्ये साठ-पासष्ट रहिवाशांनी वर्गण्या गोळा करून, स्थानिक परिषद आणि निसर्गरक्षक संस्थेला सोबत घेऊन बेटच विकत घेतलं. पुढे २००८ मध्ये त्यांनी वारा, पाणी आणि उन्हावर चालणारी स्वतःची वीजही उभी केली. हे परदेशाचं कौतुक म्हणून सांगत नाही. आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २०१३ मध्ये १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली आपली शेतं ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. त्याआधी २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवलेलं हे गाव. सामाईक गोष्टीची मालकी कशी असते, हे तिथल्या गोंड शेतकऱ्याला विचारावं. आपले निवाडा लिहिणारे अधिकारी तिथं गेले असते तर बरं झालं असतं.

आता परत जलाशयाकाठी, अंभोऱ्याकडे जाऊ. कन्हान, आम, कोलारी, मुर्झा या नद्या इथं वैनगंगेला मिळतात. टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ आहे आणि मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' इथंच लिहिला अशी परंपरा आहे. (आंबाजोगाईकर हे मान्य करणार नाहीत. ते भांडण चालू राहो.) फुगवट्याने इथला संगम रुंद तलाव करून टाकला. नागपूर आणि भंडारा या जिल्ह्यांना जोडणारा ७०५ मीटरचा केबलचा पूल आता खुला झाला आहे. पाण्यापासून चाळीसेक मीटर उंचीवर त्यात प्रेक्षकांसाठी सज्जा आहे. रविवारी नागपूरकर गाड्या घेऊन जातात, पाण्याचे फोटो काढतात. ते पाणी जाऊन बघण्यासारखं आहे, हे मीही कबूल करतो. फक्त आपली नाग नदी शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानमार्गे याच पाण्यात उतरते, हे फोटोत दिसत नाही. काठच्या गावांना मात्र दिसतं आणि वासही येतो. ही वाट आपण त्यांना न विचारता घेतली आणि तिचा मोबदला दिला नाही.

पूल झाला तशी काठच्या जमिनीची चौकशी सुरू झाली. राज्य सरकारने जलाशयावर जलपर्यटनाचा प्रकल्प हाती घेतला आहे. ज्या पाण्याने शेतकऱ्याच्या उरलेल्या दोन एकराची किंमत पाडली, तेच पाणी आता रिसॉर्टवाल्यासाठी त्या दोन एकराची किंमत चढवतं. माती बदलली नाही आणि पाणीही बदललं नाही. बदलली ती वाट. आणि ही वाढ कोणाच्या पदरात पडणार? विकणाऱ्याच्या की थांबून घेणाऱ्याच्या? संपादनाच्या वेळी वाट गेल्याचं नुकसान गावाचं म्हणून मोजलं असतं, तर आज वाट आल्याचा नफाही गावाचा म्हणून मागता आला असता. जलपर्यटनाच्या बोटींचे परवाने, धक्क्यांचं भाडं, वाहनतळाची पावती या गोष्टी ग्रामसभा आणि ढिवरांच्या सहकारी संस्थांच्या हाती देणं आजही अशक्य नाही. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, करारातली काही कलमं बदलावी लागतात.

तोवर काय चाललंय? जलाशयांची पातळी उन्हाळ्यात उतरते, गाळाची जमीन उघडी पडते आणि सरकार ती गाळपेरीसाठी वर्षापुरती भाडेपट्ट्याने देतं. त्यात पहिला मान ज्याची जमीन बुडाली त्याला, असा नियम आहे. म्हणजे आजोबाच्या नावावर असलेल्या बांधीसाठी नातू अर्ज लिहितो, भाडं भरतो आणि पाणी चढायच्या आत पीक काढून घेतो. वाट मात्र त्याला तेव्हाही चिखलातूनच काढावी लागते, कारण गाळपेरीच्या पट्ट्यात क्षेत्र लिहिलेलं असतं, रस्ता नाही.