पडद्यावरचा देह आणि पाहणाऱ्याची शुद्धी



महात्मा बसवेश्वरांचे सात निषेधांचे वचन आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. घरात मूल बोलू लागले की त्याला जी पहिली वचने शिकवतात, त्यांत हे असतेच. चोरी, हत्या, असत्य, क्रोध, दुसऱ्याचा तिटकारा, आत्मस्तुती आणि परनिंदा या सात गोष्टींपासून दूर राहावे, अशी त्यात शिकवण आहे. आतली आणि बाहेरची शुद्धी या सातांतच सामावलेली आहे, असा त्या वचनाचा आशय आहे.

पहिल्या चारांवर प्रवचने पुष्कळ होतात. शेवटची तीन मात्र आपण भरभर म्हणून टाकतो. चोरी केली तर पोलीस येतात, खोटे बोललो तर कधीतरी उघडे पडतो. पण तिटकारा मनातल्या मनात केला तर कोण पकडणार? म्हणून या महिन्यात त्या तिघांचाच विचार करू. त्यासाठी उदाहरण दूरचे नको. रात्रीचे जेवण झाल्यावर आपण सारे ज्याच्यासमोर बसतो, तो दूरचित्रवाणीचा संच पुरे आहे.

पडद्यावर एखादा अतिशय स्थूल मनुष्य येतो. त्याला चालता येत नाही, उठता येत नाही, चार माणसे त्याला धरून उठवतात. त्या क्षणी आपल्या मनात काय घडते ते तपासून पाहा. आधी अंगावर शहारा येतो आणि तोंडातून ‘शी!’ निघते. हा तिटकारा. मग वाटते, ‘आपण बरे, आपले खाणेपिणे बेताचे.’ ही आत्मस्तुती. शेवटी शेजारी बसलेल्याला आपण म्हणतो, ‘खात सुटला असेल, दुसरे काय!’ ही परनिंदा. जागचे न हलता, अर्ध्या मिनिटात, सातांपैकी तीन निषेध आपण मोडलेले असतात. मुले शेजारी बसून ते पाहत असतात, हे आणखी वेगळे.

हे आजचे नाही. उमादेवी खत्री नावाची एक गायिका होती. 1947 सालच्या ‘दर्द’ या चित्रपटातील तिच्या गाण्याने तिला देशभर नाव मिळवून दिले. पुढे ती विनोदी भूमिका करू लागली आणि ‘टुणटुण’ या नावाने प्रसिद्ध झाली. तिचा गळा लोक विसरले, अंग तेवढे लक्षात राहिले. शाळेतल्या प्रत्येक जाड मुलीला चिडवायला ते एक नाव लोकांच्या हाती आले. आपल्या गावातही अशी एखादी मुलगी असेल. आज ती पन्नाशीची झाली असेल, पण ते नाव अजून तिच्या कानात असेल.

चित्रपटाने जे सुरू केले ते दूरचित्रवाणीने घरात आणले. अमेरिकेत 2004 साली एक स्पर्धा सुरू झाली. अतिस्थूल माणसांना एकत्र ठेवायचे, त्यांच्याकडून रोज कित्येक तास व्यायाम करून घ्यायचा, ठरावीक दिवशी सर्वांसमोर काट्यावर उभे करायचे आणि कमी उतरला त्याला घरी पाठवायचे. त्या कार्यक्रमाच्या इंग्रजी नावात ‘सर्वांत जास्त घटवणारा’ आणि ‘सर्वांत मोठा पराभूत’ असे दोन्ही अर्थ निघतात. 2007 साली त्याची हिंदी आवृत्ती ‘बिगेस्ट लूजर जीतेगा’ या नावाने आपल्याकडेही दाखवली गेली. पाहणाऱ्यांना वाटे, बघा, मनावर घेतले की होते! मग ज्यांचे होत नाही त्यांनी मनावरच घेतलेले नाही, असा निवाडाही आपोआप होऊन जाई.

तो निवाडा किती चुकीचा होता हे पुढे समजले. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी त्या स्पर्धेच्या 2009 सालच्या 14 स्पर्धकांची सहा वर्षांनी पुन्हा तपासणी केली आणि 2016 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्पर्धेत त्यांचे वजन सरासरी 58 किलो उतरले होते. सहा वर्षांत त्यांतले सरासरी 41 किलो परत आले. कारण काय? त्यांचे शरीर विश्रांतीत जेवढी ऊर्जा खर्च करावयास हवी, त्याहून दिवसाला सुमारे 500 कॅलरी कमी खर्च करीत होते. घटलेले वजन शरीराला संकट वाटले आणि त्याने चुलीचा जाळ बारीक करून टाकला. सहा वर्षांनंतरही तो जाळ मोठा झाला नव्हता. टाळ्या वाजवणाऱ्यांनी मात्र केव्हाच दुसरा कार्यक्रम लावला होता.

भूक ही केवळ जिभेची गोष्ट नाही. 1994 साली शास्त्रज्ञांनी लेप्टिन नावाच्या द्रव्याचा शोध लावला. शरीरातील चरबीच ते तयार करते आणि ‘आता पुरे’ असा निरोप मेंदूला पाठवते. काहींच्या शरीरात जन्मतःच तो निरोप तयार होत नाही किंवा पोहोचत नाही. अशा मुलाला जेवून उठले तरी उपाशीच वाटते. असे दोष विरळ असतात हे खरे. पण सर्वसाधारण स्थूलतेतही आईवडिलांकडून आलेला वारसा, ग्रंथींचे विकार, काही औषधे, झोप, काळजी, स्वस्त आणि तेलकट अन्न अशी अनेक कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. पडद्यावर एक क्षण दिसलेल्या देहावरून त्यांतले काय काय आपल्याला समजते?

आता मुंबईतील एकाच महिन्यातल्या दोन घटना पाहा. महिना आहे फेब्रुवारी 2017.

त्या महिन्यात इजिप्तमधील अलेक्झांड्रियाहून एका तरुण महिलेला उपचारासाठी विमानाने मुंबईत आणले. तिचे वजन सुमारे 500 किलो असल्याचे सांगितले जात होते. तिचे नाव तेव्हा सर्वतोमुखी झाले होते, इथे ते घेण्याची गरज नाही. क्रेनने तिला उचलताना सर्व वाहिन्यांनी दाखवले आणि लोकांनी ते पुनःपुन्हा पाहिले. कित्येक वर्षे घराबाहेर न पडलेल्या त्या बाईला जगाचे पहिले दर्शन झाले ते कॅमेऱ्यांचे. तपासणीत तिच्या शरीरात जनुकीय दोष असल्याचे, तोही त्या लेप्टिनच्या निरोपाशीच संबंधित असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. मे महिन्यात तिला अबू धाबीला हलवले आणि सप्टेंबर 2017 मध्ये तिथेच ती वारली. ‘खात सुटली असेल’ असे म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी ती बातमी थांबून ऐकली असेल?

दुसरी घटना 21 फेब्रुवारीची. मुंबई महापालिकेच्या मतदानाचा तो दिवस. एका नामवंत व्यक्तीने समाजमाध्यमावर एका अतिस्थूल पोलिसाचे छायाचित्र टाकले आणि मुंबईच्या भारी बंदोबस्ताविषयी विनोद केला. दिवसभर वाहिन्यांवर ते छायाचित्र फिरले. तो गणवेश आमचा नव्हे, असे मुंबई पोलिसांनी लगेच स्पष्ट केले. ते गृहस्थ मध्य प्रदेशातील नीमचचे पोलीस निरीक्षक होते. कित्येक वर्षांपूर्वीच्या एका शस्त्रक्रियेनंतर आपले वजन वाढत गेले, असे त्यांनी सांगितले. स्थूल होणे कोणाला आवडते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्यांच्यावर मुंबईतच उपचार झाले आणि वजन बरेच उतरले. विनोद एका ओळीचा होता. त्याचे उत्तर देण्यासाठी एका माणसाला आपल्या आजाराची सारी कहाणी देशासमोर उघडी करावी लागली. हा दंड त्यांना कोणत्या अपराधाबद्दल झाला?

आता वचनाकडे परत येऊ. ज्याला आपण मराठीत तिटकारा म्हणतो, तिथे मूळ कन्नडमध्ये ‘असह्य’ हा शब्द आहे. कन्नडमध्ये त्याचा अर्थ किळस, तिटकारा असा होतो. मराठीत ‘असह्य’ म्हणजे जे सहन होत नाही ते. सीमाभागातील आपल्यासारख्या दोन्ही भाषा कानावर पडणाऱ्यांना हे दोन्ही अर्थ एकत्र ऐकू येतात आणि दोन्ही उपयोगी पडतात. दुसऱ्याचा देह मला सहन होत नाही, यात त्या देहाचे काय चुकले? सहन करण्याची शक्ती माझी कमी आहे. बसवण्णांनी हा निषेध पाहणाऱ्याला घातला आहे. ज्याच्याकडे पाहिले जाते, त्याला त्यांनी काहीच सांगितलेले नाही.

काही वाचक म्हणतील, ‘मग मिताहाराचे काय? शरणांनी जिभेवर ताबा ठेवायला सांगितलाच आहे ना? अतिस्थूलपणाने मधुमेह, हृदयविकार, गुडघेदुखी मागे लागते. तेही बोलायचे नाही का?’ प्रश्न योग्य आहे. स्थूलतेचे आजार खरे आहेत, त्यांवर वेळीच उपचार घेतले पाहिजेत आणि घरच्या माणसाने मायेने तसे सांगितलेही पाहिजे. पण आपल्या धर्मात अन्न हे प्रसाद म्हणून घ्यायचे असते. अष्टावरणांत प्रसादाला स्थान आहे, ते ज्याने त्याने आपल्या ताटापुरते पाळायचे व्रत आहे. शेजारच्या ताटातले घास मोजणे हे व्रत कुठेच सांगितलेले नाही. शिवाय टोमण्याने कोणाचे वजन उतरल्याचे ऐकिवात नाही. टोमणा ऐकलेला मनुष्य बाहेर पडेनासा होतो, लग्नकार्य टाळतो, डॉक्टरकडेही जायला लाजतो. आजार वाढतो तो त्या लाजेने.

आपल्या धर्माने देहाला कधी तुच्छ मानले नाही. शरणांनी देहालाच देवालय मानले आणि इष्टलिंग देहावर धारण करायला शिकवले. बाळाला लिंगधारणा करताना पुढे ते बाळ कृश होईल की स्थूल, हे कोणी विचारत नाही. सकाळी आपण डाव्या तळहातावर लिंग घेतो, डोळ्यांसमोर धरतो आणि दृष्टी त्यावर स्थिर करतो. हा दृष्टीचा अभ्यास कशासाठी? ती दृष्टी दिवसभर तशीच राहावी म्हणून. सकाळी ज्या डोळ्यांनी लिंग पाहिले, त्याच डोळ्यांनी रात्री पडद्यावरच्या दुःखी जीवाची थट्टा पाहिली, तर सकाळची पूजा किती वेळ टिकली, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

अष्टावक्राची गोष्ट आपण ऐकली आहे. त्याचे वाकडे अंग पाहून जनकाची सभा हसली, तेव्हा तो म्हणाला की इथे चामडे पाहणारे चर्मकारच जमलेले दिसतात. गोष्ट चांगली, पण शरणांच्या अनुयायाला तिच्यातला एक शब्द खटकला पाहिजे. आपले हरळय्या चर्मकारच होते. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी कल्याणम्मांनी आपल्या मांडीच्या कातड्याची पादत्राणे बसवण्णांसाठी केली, असे परंपरा सांगते. कातड्याचे काम करणाऱ्याने त्यात भक्ती पाहिली. केवळ कातडे पाहण्याचा दोष बसून हसणाऱ्या सभेचा होता. आज ती सभा आपल्या दिवाणखान्यात भरते.

पंचाचारांत भृत्याचार सांगितला आहे. सर्वांपुढे सेवकभावाने वागणे, हा त्याचा अर्थ. सेवक धन्याच्या अंगावर हसत नाही. म्हणून घरात आणि मठात एवढे तरी करू या. थट्टेचा प्रसंग पडद्यावर आला तर मुलांसमोर स्पष्ट म्हणावे, ‘हे बरोबर नाही,’ आणि वाहिनी बदलावी. घरातल्या मुलीला किंवा सुनेला अंगावरून पडलेले नाव असेल, तर ते आजपासून बंद करावे. तिचे खरे नाव घ्यावे. मुलगी पाहायला गेल्यावर अंगावरून कुजबुज करू नये. दासोहाच्या पंगतीत एखाद्या अप्पांना किंवा अक्कांना मांडी घालून बसता येत नसेल, तर मागितल्याशिवाय खुर्ची-टेबल लावावे. वाढताना ‘यांना जास्त लागेल’ असा विनोदही करू नये आणि ‘यांना कमी वाढा’ असा उपदेशही करू नये. मागतील तेवढे वाढावे, नमस्कार करून पुढे जावे.

मठाची पायरी चढायला ज्याला कष्ट पडतात, तो तेवढे कष्ट सोसून आलेला असतो. त्याच्या गळ्यातही तेच लिंग आहे. त्याला हात देताना आपण कोणाला हात देतो आहोत, हे ध्यानात ठेवावे.

शरणु शरणार्थी.