हातास बसलेला दोष

ज्याचें काम बरें चाललें आहे, त्यानें केवळ रीत सदोष आहे एवढ्याकरितां ती मोडून नवी धरावी काय? प्रश्न नीतीचा आहे. पण त्याचें उत्तर शोधण्यास आम्ही वाचकांस स्नूकरच्या टेबलापाशीं नेणार आहों. १८७५ सालीं जबलपूर येथें ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांत जन्मलेल्या या खेळास कित्येक सभ्य गृहस्थ निवळ करमणूक समजतात. परंतु बारा फूट लांबीच्या त्या हिरव्या बनातीवर मनुष्यस्वभाव चांगलाच उघडा पडतो.

खेळाडूच्या हातीं क्यू नांवाची निमुळती काठी असते. ती सरळ मागें न्यावी व सरळ पुढें आणावी, एवढीच मूळ विद्या. परंतु पुष्कळांची काठी पुढें येतांना किंचित् डावीकडे वळते, आणि पांढरा चेंडू नेमाच्या रेषेंतून ढळतो. गंमत अशी कीं, डोळा या चुकीवर आपणच उतारा काढतो; तो नेम थोडा उजवीकडे धरूं लागतो. दोन चुकांची फिटंफाट होते, चेंडू पॉकेटांत पडतो, आणि खेळाडूस वाटतें, आपला हात सरळ आहे! कसोटीच्या वेळीं मात्र मन घाबरलें, कीं दोहोंपैकीं एक चूक कमीजास्त होते व सारा हिशेब बिघडतो.

याची परीक्षा सोपी आहे. तपकिरी चेंडूच्या जागीं पांढरा ठेवून तो निळ्या, गुलाबी व काळ्या चेंडूंच्या खुणांवरून समोरच्या कडेवर मारावा. हात सरळ असेल, तर तो त्याच वाटेनें परत येऊन काठीच्या टोकास लागतो. आम्हीं ही परीक्षा तरुणपणीं केली, तेव्हां चेंडू वीतभर बाजूनें निघून गेला. आम्हीं हात सुधारूं लागलों. पण काठी सरळ झाली, तरी डोळ्याचा जुना नेम तसाच राहिला, आणि काल पडणारे चेंडू आज पडेनात. सोबती हंसले. पंधरा दिवसांत आम्ही जुन्या रीतीस परतलों. ती माघार आम्हांस अजून बोचते.

कोणी म्हणेल, ॲलेक्स हिगिन्स टोला मारतांना सर्व अंग हालवीत असे. तरी १९७२ व १९८२ सालीं तो जगज्जेता झालाच ना? झाला, परंतु एकाच्या अलौकिक प्रतिभेस जें पेललें, तें सर्वांस पेलेल असें नाहीं. शिवाय प्रत्येक वेगळेपण दोष नव्हे. १९२७ पासून १९४६ पर्यंत भरलेल्या पंधराही जागतिक स्पर्धा जिंकणाऱ्या जो डेव्हिसचा उजवा डोळा अधू होता, म्हणून तो काठी डाव्या डोळ्याखालून चालवी. त्यांत लपविण्यासारखें कांहीं नव्हतें. जी खोड झांकण्यास दुसरी खोड लागते, तिलाच आम्ही दोष म्हणतों.

संसारांतही हेंच घडतें. बाप रागाच्या भरांत मुलांस नको तें बोलतो, आणि मागाहून खाऊ देऊन भरपाई करितो. घर सुरळीत चाललेलें दिसतें. तो राग आवरूं लागला, कीं लाडावलेलीं मुलें प्रथम अधिकच उनाड होतात, आणि ‘पूर्वींचेंच बरें होतें’ असें त्यास वाटतें. तेथें त्यानें आमच्यासारखी माघार घेऊं नये. सुधारणेच्या आरंभीं येणारें अपयश हें ती चुकल्याचें लक्षण नसून, इतके दिवस झांकलेली दुसरी चूक उघडी पडल्याची खूण असते. ती ओळखून जो कांहीं काळ हरण्यास तयार होतो, त्याचाच हात अखेर सरळ होतो.